अणदुरातला पहिला बाथटब

अख्ख्या अणदुरात मला फसवील असा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही पडत नाही. ते काम मी माझ्या हातानंच करून टाकतो, तेही चांगलं मन लावून.

बसा जरा ऐसपैस. चहा येतोय. तोवर हे माझ्या तोंडून ऐकून घ्या, कारण गावात दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर त्यात मी मेलेला असेन, आणि ते खोटं आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या मास्तरांनी मला वर्गात घेतलं होतं, पण थोड्याच दिवसांत घरी परत दिलं. तिथून सत्तरी ओलांडेपर्यंत मी एकच धंदा नेटानं केला, लोकांची फिरकी घ्यायचा. शेती केली, पोरं वाढवली, पण ते सगळं मधल्या वेळात. लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसलेली दिसली की एकाच्या कानात सांगायचं, "हे नवरीचे मामा. रुसलेत. जरा आग्रह करा." मग वळसा घालून दुसऱ्याच्या कानातही तेच सांगायचं. आणि लांब उभं राहून बघायचं, दोन भली माणसं एकमेकांच्या तोंडात जिलेबी कोंबतायत.

या धंद्याचा एक तोटा असतो. तो मला उशिरा कळला. पुढं पुढं असं होतं की आपण खरं बोललो की लोक हसतात, आणि खोटं बोललो की गंभीर होऊन मान डोलावतात.

तर आमचं घर. हमरस्त्यापासून थोडं आत, उंचावर. रस्त्यावरून दगडी पायऱ्या चढून यायचं. वडिलांनी बांधताना विचार केला होता की पावसाचं पाणी घरात येऊ नये. पाणी काही आलं नाही, पण आता आमच्या कारभारणीलाही, रुक्मीणला, घरात येता येईना. तिचे गुडघे गेले. बाजारातून आली की ती मधल्या पायरीवर बसायची, पिशवी मांडीवर घ्यायची, आणि कुणी येत-जात असलं तर भाजी निवडल्यासारखं करायची. दुखतंय हे तिला कुणाला सांगायचं नव्हतं. मला तर नाहीच, कारण मी त्याच्यावरही काहीतरी बोललो असतो.

आमची लेक सुनीता धाराशिवला दिलीय. तिच्या भिंतीला लागून एका रिटायर गुरुजींचं घर विकायला निघालं. बैठं घर. पायरी म्हणून नाही, उंबरा तेवढा. गुरुजी मुलाकडं पुण्याला निघाले होते. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. पुढं मला थांबता येणार नाही." रुक्मीण ते घर एकदा बघून आली. जेवताना फक्त म्हणाली, "तुळस मागल्या दाराला बसंल." तेव्हाच मी ओळखलं, ही मनानं तिकडं गेली. इथं नुसतं जेवायला आलीय.

मी म्हणालो, "सगळा जन्म इथं गेला आन् आता गाव सोडायचं?"

"आवं, आपला खंडोबा सुदीक वर्षातनं नळदुर्गाला ऱ्हायला जातो."

"देव परत येतो की."

"देवाचे गुडघे चांगले हायेत."



पण अणदूरचं घर विकल्याशिवाय धाराशिवचं घेता येत नव्हतं, आणि आमचं घर काही विकेना. घरं दाखवणारा बबन गिऱ्हाइकं आणायचा. गिऱ्हाइकं उंच जोतं बघून खूश व्हायची, चहा प्यायची, आणि न्हाणीपाशी आली की थांबायची. आमची न्हाणी म्हणजे काय, बसायला काळा दगड, कोपऱ्यात तांब्याचा बंब, भिंतीला पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी आणि पाणी जायला मोरी, ती थेट पपईच्या झाडापर्यंत. "न्हाणी लई जुनी हाय," म्हणून माणूस जो पायऱ्या उतरायचा तो परत दिसायचा नाही. गणपती बसले, उठले. मला घोर लागला.

मी जावईबापूंना फोन लावला. ते नोकरदार माणूस. त्यांना सगळं माहीत असतं, निदान आवाज तरी तसा असतो.

"मामा, घर घेणारा आधी बाथरूम बघतो," ते म्हणाले. "चांगली फरशी घाला, शॉवर बसवा. पाणी कमी लागतं, वयस्कर माणसाला स्टूल टाकून बसता येतं. आमच्याकडं आता घरोघरी शॉवरच हाय."

घरोघरी आहे? मग त्याची किंमत ती काय राहिली? गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, असलं आमच्या मेव्हण्याकडंबी हाय, तर आपण काय बोलणार?

दोन-तीन दिवस मी हेच घोकत बसलो. मग एका दुपारी मोबाइलवर एक गोरी बाई भेटली. म्हणजे व्हिडिओत. घर विकायचं असेल तर त्यात काय असावं, हे ती सांगत होती. बोलणं इंग्रजीत, तेव्हा मला कळायचा प्रश्नच नव्हता. पण बाथटब दाखवला की ती बोट वर करायची आणि शॉवर दाखवला की नुसती मान हलवायची. बोट वर म्हणजे किंमत वर. त्याला काय शाळा लागते?

पुन्हा फोन.

"जावईबापू, बाथटब बसवतो. गोऱ्या लोकांत त्यालाच किंमत हाय."

मग ते म्हणाले, "मामा, तिकडं नळाला रोज पाणी येतं. तुमच्याकडं आठवड्यानं आलं तर आलं."

"मला टब विकायचाय. पाणी न्हाय."

"घेणारा त्यात न्हाणार कशानं?"

"ते त्यो बघंल की. आपण त्याच्या न्हाण्यात कशाला पडायचं?"

रुक्मीण शेंगा फोडत ऐकत होती. मी तिलाही विचारलं, उगाच पुढं बोलायला जागा नको.

"मला इचाराल तर भिंतीला धरायला एक दांडी बसवा," ती म्हणाली. "उठताना हाताला काहीतरी पायजे."

"दांडीनं घर विकत न्हाय."

"मंग मला इचारलं कशाला?"

हसू नका. तुम्हाला सोपं वाटतंय. मला तेव्हा खरंच अन्न गोड लागत नव्हतं. शॉवर म्हटलं की टब दिसायचा, टब म्हटलं की जावई दिसायचे. चुकीचं बसवलं तर दिवाळी जाणार, गुरुजींचं घर जाणार, आणि ही त्या मधल्या पायरीवर भाजी निवडत बसणार, निवडायला भाजी नसताना.

शेवटी ठरवलं. टब. अणदुरात नाही, आसपास कुठं नाही, असा.

सोलापुरात एक जुनं लॉज पाडत होते. तिथं भंगारात एक टब पालथा पडला होता. मी तो टेम्पोत घालून आणला. हमरस्त्यावरून गावात शिरेपर्यंत जो तो विचारायचा, "आण्णा, म्हशीला का?" मी म्हणायचो, "म्हशीला न्हाय, तिच्या सासूला." लोक मान डोलवायचे. सांगितलं ना तुम्हाला.

बसवायला आमचा गफार मिस्त्री आला. त्यानं जन्मात टब बघितला नव्हता, पण तसं बोलून दाखवणाऱ्यातला तो नाही. त्यानं टब जमिनीवर ठेवला, तर तो डुगडुगायला लागला.

"चाचा, ये तो हिलरा."

"मग?"

"मग काय. बांध डालते."

त्यानं चारी बाजूंनी विटांची भिंत उचलली. मधल्या जागेत वाळू भरली. वरून खालपर्यंत पांढऱ्याशुभ्र टाइल लावल्या. डोक्याच्या बाजूला साबण ठेवायला म्हणून एक छोटा कोनाडा केला, त्याला वरून कमान दिली. काम संपल्यावर चार पावलं मागं गेला, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "एकदम शाही काम हुआ, चाचा."

नळ जोडायचा राहिला होता. त्याची तोटी सोलापूरहून यायची होती. तोवर टबात पाल पडू नये म्हणून रुक्मीणनं वर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर एक धुतलेली पांढरी चादर अंथरली.

आता तुम्ही डोळे मिटा आणि बघा. अंधारी खोली. मध्ये माणसाच्या लांबीचा पांढरा चौथरा. वर चादर. उशाला कमानीचा कोनाडा.

मला मात्र तेव्हा त्यात टबच दिसत होता.

शेजारच्या निलावतीला दिसला नाही. ती ताक मागायला आली होती. वाटेत न्हाणीचं दार उघडं दिसलं, तशी दारातच थबकली.

"आण्णा, ह्ये काय बांधलंय ओ?"

आता बघा, "न्हायचा टब हाय" असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण तिचा चेहरा इतका उत्सुक होता की मला राहवेना. असा चेहरा समोर आला की माझ्या जिभेला खाज सुटते. मी तोंड पाडलं.

"वय झालं, निलावती. जागा करून ठेवली."

"कसली जागा?"

"माझी. समाधी. ऐन वक्ताला लोकांची पळापळ नको. घरातल्या घरात बरं."

तिनं तोंडावर हात ठेवला. "आन् घर तर इकायलेत म्हनं?"

"घर इकनार. मी हितंच ऱ्हानार. घेनाऱ्यानं रोज दिवा लावायचा, एवढीच अट."

ती ताक न घेताच गेली. मी दुपारभर हसत होतो. रुक्मीणनं विचारलं काय झालं, तर सांगितलं, काही नाही, एक जुनं आठवलं. किती शहाणा मी.

दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्याशी चांगलं वागायला लागलं. चहाच्या टपरीवर गेलो की बाकावरची माणसं सरकून जागा द्यायची. एकानं माझ्या कपात साखर ढवळून दिली. आमच्या बांधाला ज्याचा बांध लागतो, तो माणूस माझ्याशी वर्षानुवर्षं बोलत नव्हता. तो घरी आला, हात जोडले आणि म्हणाला, "आण्णा, झालं गेलं मनात ठेवू नका. आता कशाला?" मला वाटलं, वय झालं की माणसाचं तेज वाढतं ते हेच. मी त्याला मोठ्या मनानं माफसुद्धा करून टाकलं.

पण गिऱ्हाईक येईना. एकही. दसरा झाला. बबन फोन उचलेना. सुनीताचा फोन आला, "आण्णा, गुरुजींकडं आणखी दोघं घर बघून गेले. ते काही बोलले न्हाईत, पण आई कशी हाय?" आई कशी हाय, हे ती मला असं विचारायची की जणू मी आईला कुठं ठेवलंय.

टबाला मी दिवसातून दहादा जाऊन बघायचो. माणसाएवढा लांब, पांढरा, थंड. म्हटलं, हा जर विकला नाही तर? शॉवर बसवला असता तर एव्हाना बाई तिकडं तुळशीला पाणी घालत असती.

शेवटी मी बबनला त्याच्या घरी जाऊन गाठलं.

"अरे गिऱ्हाईक का आणीना गेलास?"

तो खाली बघून पायानं माती उकरत म्हणाला, "आण्णा, तुमचं समदं खरं. मोठी गोष्ट हाय, सगळ्यांला जमत न्हाय. पर समाधी असलेलं घर कोन घेतंय? आन् वर रोज दिवा लावायचा."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अरे येड्या, चेष्टा केली ती. टब हाय त्यो. आंगूळ करायचा."

बबन हसला. खूप हसला. मला टाळी दिली. "आण्णा, तुमी म्हंजे शेवटपत्तुर सोडनार न्हाय बगा. समाधीत आंगूळ."

मी टपरीवर गेलो. तिथं उभा राहून सगळ्यांना सांगितलं, घरी समाधी नाही, टब आहे. सगळी टपरी हसली. ज्यानं साखर ढवळून दिली होती त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवटी शेवटी बी कसे हसवायलेत," तो म्हणाला. मी निलावतीच्या दारात गेलो. म्हटलं, बाई, हात जोडतो, ते खोटं होतं. तर तिनं पदर डोळ्याला लावला आणि हळूच म्हणाली, "समजलं, आण्णा. वैनींच्या कानावर जाऊ देत न्हाय. त्यांला धसका बसंल."

आयुष्यात पहिल्यांदा मी गावभर हिंडून खरं बोललो. माझं मेलं कुणी ऐकेना.

वैनींच्या कानावर जायचं ते गेलंच. एका सकाळी रुक्मीणला पायरीवर झेंडूची फुलं आणि दोन उदबत्त्या दिसल्या. तिनं त्या घरात आणल्या, माझ्यासमोर ठेवल्या आणि विचारलं, "ह्ये कुनाचं?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून पायरीवर जाऊन बसली. या वेळी भाजी निवडायचं नाटकही केलं नाही.

तेवढ्यात देवाला दया आली म्हणा. बबनचा फोन आला. मुरूमकडचे एक शेठ आहेत, शिवलिंगप्पा नावाचे. हमरस्त्याला बियाणांचं दुकान टाकायचंय, म्हणून गावात घर बघतायत. कानडी मंडळी, इथलं काही त्यांच्या कानावर गेलेलं नाही. "उद्या सकाळी आणतो. संगं त्यांची आई हाय, अव्वा. तिच्या मनात भरलं तर घर गेलं समजा. पर आण्णा, त्ये तुमचं त्येवढं झाका."

झाकायचं? झाकलं म्हणून तर ही वेळ आली. मी ठरवलं, उलट उघडं करायचं. चादर काढायची, फळ्या काढायच्या, पाणी भरायचं. पाणी दिसलं की कुणाही शहाण्या माणसाला कळेल की हा टब आहे.

पण पाणी कुठलं? नळ आठवड्यानं यायचा, आणि तो दिवस अजून लांब होता. रुक्मीणनं माझ्याकडं बघितलं, उठली, आणि पिण्याची घागर तेवढी ठेवून भरून ठेवलेल्या कळशा, हंडे, पातेली, सगळं एकेक करून टबात ओतायला लावलं. आमच्याकडं भरलेलं पाणी ओतून टाकणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. मी ओतत होतो आणि ती दुसरीकडं बघत होती.

एवढं ओतून पाणी घोट्याएवढं आलं. त्या लांबलचक टबात ते सांडल्यासारखं दिसत होतं.

मग मला त्या गोऱ्या बाईच्या व्हिडिओची आठवण झाली. फेस. फेस केला की भरल्यासारखं दिसेल. मी शाम्पूच्या पुड्या आणल्या, फोडल्या आणि बडवून बडवून फेस केला. टब काठोकाठ भरला. नुसता कापूस.

"आता गिऱ्हाइकाला कळलं पायजे की ह्यात बसत्यात कसं," मी म्हणालो. स्वच्छ धोतर, स्वच्छ बंडी घातली होतीच. म्हटलं, माणसं यायला वेळ आहे, एकदा बसून बघू. बसलो. टबाचा तळ म्हणजे नुसतं लोणी. मी बसलो ते थांबलोच नाही, सरकत सरकत पार आडवा झालो. डोकं कोनाड्याखाली, पाय पलीकडच्या टोकाला, आणि फेस तोंडावर.

उठायला गेलो, घसरलो. पुन्हा गेलो, पुन्हा घसरलो. धरायला काही नाही. शाम्पू डोळ्यांत गेला, डोळे मिरची टाकल्यासारखे झोंबायला लागले. मी डोळे गच्च मिटून घेतले आणि हाक मारली.

रुक्मीण आली. ओढायला वाकली, तर तिचा गुडघा कट्‌कन वाजला. ती "आई गं" म्हणून भिंतीला टेकली.

"ऱ्हावू दे, तू नको वाकू," मी म्हणालो. "गफारला बोलव."

ती गेली. पायऱ्या उतरताना तिचा एकेक पाय मला ऐकू येत होता. मी पडून राहिलो. ती गफारच्या घराकडं वळली असेल-नसेल, तोच खालून आवाज आले. बबनचा. आणखी माणसांचे. मंडळी वेळेआधी आली होती. त्यांच्यामागून निलावतीच्या बांगड्या. पाहुणे दिसले की ती राहते होय?

दार ढकललं गेलं.

आता त्यांना काय दिसलं असेल ते बघा. पांढरा चौथरा. त्यात पांढऱ्या कपड्यातला म्हातारा. पांढऱ्या ढगात. डोळे मिटलेले. हात छातीवर, कारण दुसरीकडं कुठं ठेवले की मी घसरत होतो.

निलावतीचा आवाज आधी फुटला.

"अगं बया, आण्णांनी घेतली. आण्णांनी समाधी घेतली."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? घरी पाहुणे आलेत, डोळे उघडत नाहीत, घर विकायचंय. जन्माची सवय. मी पडल्या पडल्या म्हणालो, "या, बसा. चहा टाकायला सांगतो."

निलावती खाली बसल्याचा आवाज आला. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, एकच शब्द.

"ब्याड."

एवढं कानडी मला येतं. नको. पण चहा नको की घर नको, ते काही कळेना. पावलं मागं वळली. पायऱ्यांकडं गेली. मी ओरडलो, "शेठ, थांबा, टब हाय त्यो." कोण थांबतंय? दिवाळी चालली, गुरुजींचं घर चाललं, आणि मी तिथं घोटाभर पाण्यात, उठता न येता, सगळं जाताना ऐकत पडलो.

मग पावलं थांबली. खालून रुक्मीण वर येत होती, मागं गफार. मधल्या पायरीवर ती बसली असणार, कारण आवाज तिथून आला. माझ्या न्हाणीची खिडकी नेमकी त्या बाजूला.

"बाई, घर चांगलं हाय," रुक्मीण म्हणत होती. "आमचं मानूस तेवढं चेष्टेखोर हाय. त्यो आंगूळ करायचा टब हाय, दुसरं काही न्हाय. आमाला का इकायचं इचाराल, तर माझे गुडघे गेलेत. ह्या पायऱ्या आता चढवत न्हाईत मला. एवढंच कारन हाय."

एवढ्या दिवसांत ती हे पहिल्यांदा कुणाला तरी सरळ बोलली. अनोळखी बाईला, पायरीवर बसून. मी वर फेसात पडून ऐकत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं. शाम्पूचं असेल.

गफारनं येऊन मला काखेत धरून उपसून काढलं. "चाचा, काम तो मजबूत हुआ ना?" एवढंच त्यानं विचारलं.

अव्वा परत आली. चप्पल काढून, माझ्याहून ताठ. टबात वाकून बघितलं, फेसाला बोट लावलं, हुंगलं. माझ्याकडं बघितलं. धोतरातून पाणी निथळत होतं, मिशीवर फेस होता. ती हसायला लागली ती हसतच राहिली. मग म्हणाली, "ह्येच्यात बसून आंगूळ करायचं? आंगाचं घाण पुन्ना आंगाला लागतंय की. आमच्यात पूजेच्या आदी वाहतं पाणी पायजे." मग भिंतीवरची काजळी बघत तिनं विचारलं, "हितं दगड हुता नव्हं? बंब कुटं गेला?"

दगड गफारनं मागच्या दाराला टाकला होता. बंब माळ्यावर होता. जोतं उंच आहे, बियाणांच्या पोत्यांना ओल लागायची नाही, हे अव्वाच्या मनात भरलं. अट एकच होती. हा पांढरा प्रकार फोडायचा आणि जुनी न्हाणी होती तशी करून द्यायची. दगड, बंब, मोरी, सगळं. शॉवर नको, टब नको.

ज्यानं बांधला त्याच गफारनं टब फोडला. फोडतानाही म्हणत होता, शाही काम था.

दिवाळीचा फराळ आम्ही गुरुजींच्या घरी केला. म्हणजे आता आमच्या. तुळस मागच्या दाराला आहे. रुक्मीण दिवसातून चारदा सुनीताकडं जाते, उंबरा ओलांडून, आणि गुडघ्याचं नाव काढत नाही.

परवा मी तिथल्या बाथरूमच्या दारात उभा होतो. गुरुजींनी साधा नळ ठेवलाय, शेजारी एक बादली. जागा मात्र ऐसपैस आहे. मी भिंत वाजवून बघत होतो, वितीनं मापत होतो. रुक्मीण मागून येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

"काय न्हाय. म्हटलं, हितं शॉवर बसवावा का दुसरं काही. उद्या हे घर सोडून जायची वेळ आली तर बाथरूम चांगलं पायजे."

तिनं माझ्या हाताखाली बादली सरकवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "आवं, आता ह्या घरातनं जाताना आपल्याला आंगूळ दुसरंच कुनीतरी घालनार हाय. आन् ती अंगणात घालत्यात."